एड टेंपल: विल्मा रुडॉल्फच्या गोष्टीत न येणारे कोच

पायवाट

विल्मा रुडॉल्फची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. लहानपणी पोलिओ, पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, आणि मग १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं. शाळेच्या क्रीडामहोत्सवातल्या पाहुण्यांच्या भाषणात ती येते, परीक्षेच्या दिवसांत फिरणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांत येते. गोष्ट खरी आहे, पण सांगताना ती पायातल्या पट्ट्यांवरून एकदम रोमच्या स्टेडियमवर उडी मारते. मधली वर्षं कुणीच सांगत नाही, आणि दरवेळी मला तेच खटकतं.

रोमला विल्माचं तिसरं सुवर्ण आलं ते ४ × १०० मीटर रिलेचं. त्या संघात धावलेल्या चौघी अशा: मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा. चौघीही एकाच कॉलेजच्या. अमेरिकेसारख्या अवाढव्य देशाचा ऑलिंपिक संघ, आणि चारही मुली नॅशव्हिलमधल्या एका गरीब, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठातून आलेल्या. एकीच्या बाबतीत जिद्द म्हणून सोडून देता येईल. चौघींच्या बाबतीत कुणीतरी वर्षानुवर्षं काम केलेलं असणार हे उघड आहे. ते काम करणारे गृहस्थ म्हणजे एड टेंपल.

टेंपल मूळचे पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचे, जन्म १९२७ चा. याच विद्यापीठात, म्हणजे टेनेसी स्टेटमध्ये, ते आले धावपटू म्हणून. १९५० मध्ये पदवी हातात पडली तेव्हा विद्यापीठाने त्यांना नोकरी देऊ केली: महिना १५० डॉलर, त्या पगारात मुलींचा ट्रॅकचा संघ सांभाळायचा, कॅम्पसमधलं पोस्ट ऑफिस चालवायचं आणि जोडीने पुढचं शिक्षण पूर्ण करायचं. त्यांनी होकार दिला. पुढे त्याच विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले आणि १९९४ मध्ये निवृत्त झाले.

या चार दशकांत त्यांच्या हाताखालच्या ४० मुली ऑलिंपिकला गेल्या. त्यांनी २३ पदकं आणली, त्यात १३ सुवर्ण. रोम १९६० आणि टोकियो १९६४ या दोन्ही वेळी अमेरिकेच्या महिला ॲथलेटिक्स संघाचे मुख्य प्रशिक्षक टेंपलच होते. 'टायगरबेल्स' हे त्यांच्या संघाचं नाव अमेरिकेत जुन्या लोकांना आजही माहीत आहे.

मला मात्र त्यांच्या आकड्यांमध्ये पदकांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या ४० पैकी जवळजवळ सगळ्या मुलींनी कॉलेजची पदवी पूर्ण केली. धावणं दहा वर्षांत संपतं, पदवी आयुष्यभर पुरते, हे गणित त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. त्या काळात बायकांना धावून पैसे मिळतच नव्हते. सुवर्णपदक घेऊन घरी आलेल्या मुलीनेही दुसऱ्या महिन्यात नोकरी शोधायची होती.

विल्मा त्यांना सापडली कशी, हेही सांगण्यासारखं आहे. टेंपल शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांना पंच म्हणून जात. विल्माच्या गावच्या, म्हणजे क्लार्क्सव्हिलच्या, बर्ट हायस्कूलच्या संघात एक काटकुळी, उंच पोरगी होती. सामना चालवता चालवता त्यांनी तिचे पाय पाहिले आणि तिला उन्हाळी शिबिराला बोलावलं. १६ व्या वर्षी, शाळेत असतानाच, ती १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाऊन रिलेचं कांस्य घेऊन आली. त्या रिलेतल्याही चौघी टेंपल यांच्याच तालमीतल्या: मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा आणि इझाबेल डॅनियल्स.

या माणसाविषयी मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही म्हणून धागा काढते आहे. कुणाला अजून माहिती असेल तर भर घाला. विशेषतः जे कॉलेजात शिकवतात किंवा मैदानावर असतात त्यांनी लिहावं.

---

मैदानवेडा

मस्त विषय. रोमच्या रिलेबद्दल थोडी भर.

उपांत्य फेरीत या चौघींनी ४४.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अंतिम फेरीत शेवटच्या बॅटन बदलात गडबड झाली, बॅटन विल्माच्या हातात नीट बसलं नाही. तेवढ्यात जर्मनीची युटा हाइने पुढे गेली. विल्माने तिला गाठून शर्यत ४४.५ मध्ये संपवली. हीच हाइने २०० मीटरमध्ये विल्माच्या मागे दुसरी आली होती. १०० मीटरमध्ये विल्माची वेळ ११.० होती, पण वारा पाठीशी नियमापेक्षा जास्त होता म्हणून विक्रम धरला गेला नाही. हे सगळं घोट्याला दुखापत झालेली असताना. १०० मीटरच्या आदल्या दिवशी गवतातल्या खळग्यात पाय पडून तिचा घोटा मुरगळला होता.

ज्यांनी रिले शिकवली आहे त्यांना ठाऊक आहे, बॅटन बदलात चूक झाली की दहातले नऊ संघ तिथेच कोसळतात. पुढची मुलगी थांबून, मागे वळून, बॅटन धरून परत वेग घेते, ते डोकं शांत असल्याशिवाय होत नाही. ते सरावातूनच येतं.

---

शुभदा_पीटी

पायवाटताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. टेंपल यांचं नाव मला माहीत होतं, पण पोस्ट ऑफिसचं माहीत नव्हतं. वाचून गलबलून आलं.

लोकांना वाटतं कोच म्हणजे हातात स्टॉपवॉच आणि गळ्यात शिट्टी. माझ्या दिवसाचा किती भाग त्यात जातो? मुलगी गावातून पहाटे मैदानावर येणार कशी, परत एसटी कोणती, हे आधी ठरवावं लागतं. मग तिच्या घरी जाऊन आईशी बोलायचं, वडिलांशी बोलायचं, काही घरांत आजीशीही बोलायचं. विभागीय स्पर्धेला बाहेरगावी मुक्काम असेल तर कोण सोबत आहे, राहायची सोय कुठे, संडास-बाथरूम कसं आहे, हे आधी पाहून यायचं. टीए-डीए मंजूर होईपर्यंत स्पर्धा होऊन गेलेली असते, तोवर खिशातून. अंतर्गत परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्या की प्राध्यापकांची मनधरणी. आणि एवढं सगळं जमलं तर चारशे मीटरचे रिपिटेशन्स.

गेल्या काही वर्षांत माझ्या हाताखालून तीन मुली अशा गेल्या ज्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत नक्की पदकाच्या जवळ होत्या. एकीचं दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं. मी तिच्या घरी ओसरीवर बसले होते, तिचे वडील मला चहा देत म्हणाले, 'बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण पळून पोरीचं काय होणार?' माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं, कारण पळून तिला काय मिळेल हे मलाही छातीठोक सांगता येत नव्हतं.

म्हणून मला विचारायचं आहे: टेंपल पालकांना काय सांगत? आणि पैसा कुठून आणत?

---

पायवाट

शुभदाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कामात आहे.

पालकांना ते पदकाचं बोलत नसत, पदवीचं बोलत. दक्षिणेतल्या एखाद्या खेड्यात शेतमजुरी करणाऱ्या घरात जाऊन 'तुमची मुलगी ऑलिंपिकला जाईल' म्हणण्यात अर्थच नव्हता. 'ती शिकेल, शिक्षिका होईल, आणि माझ्या मैदानावर असेपर्यंत माझ्या नजरेखाली राहील' हे पालकांना समजत होतं आणि हवंही होतं. वायोमिया टायसचंच पाहा. जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिनची. वडील दुग्धशाळेच्या फार्मवर काम करायचे, ती १५ वर्षांची असताना वारले. १९६१ मध्ये ती टेंपल यांच्या शिबिराला गेली. तिथून टोकियो १९६४ ला १०० मीटरचं सुवर्ण, ११.४ सेकंद. आणि १९६८ ला मेक्सिको सिटीत पुन्हा १०० मीटरचं सुवर्ण, या वेळी ११.०८ चा विश्वविक्रम करून. ओळीने दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर जिंकणारी जगातली पहिली व्यक्ती ती आहे, पुरुषांतही तिच्याआधी कुणी नव्हतं. कार्ल लुईसच्या नावावर तसं व्हायला १९८८ उजाडावं लागलं.

आता पैसा. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नव्हती, ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुठे सुरू झाली. तोवर कमवा आणि शिका. कॅम्पसवर रोज दोन तास काम करायचं, त्यातून फी वळती व्हायची. मैदान म्हणावं तर रेषासुद्धा न आखलेला, अर्धवट ट्रॅक. स्पर्धांना जायला बस नाही, टेंपल स्वतःची स्टेशन वॅगन काढायचे. मुलींना मागे बसवून रात्रभर गाडी चालवायचे. आणि रस्त्यात थांबायचं कुठे? वर्णभेदाच्या कायद्यांमुळे दक्षिणेतल्या बहुतेक हॉटेलांत त्यांना प्रवेश नव्हता, पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरू देत नसत. म्हणून घरून डबे बांधून न्यायचे आणि लघवीला शेतात थांबायचं. तुम्ही मुक्कामाच्या ठिकाणची बाथरूम आधी पाहून येता असं लिहिलंत, तेव्हा मला हेच आठवलं.

त्यांच्या पत्नी चार्ली बी. टेंपल यांचं नावही इथे यायलाच हवं. पोस्ट ऑफिसचं काम त्या पाहायच्या आणि घरापासून लांब आलेल्या या मुलींना आईसारखा आधारही त्यांचाच होता. त्यांच्यावाचून दीडशे डॉलरच्या नोकरीत टेंपल यांना संघाकडे पाहायला वेळ मिळाला नसता.

---

नॅशव्हिलवासी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं टेनेसीत आहे. नॅशव्हिलच्या बेसबॉल स्टेडियमबाहेर टेंपल यांचा ब्राँझचा पुतळा आहे. तो २०१५ मध्ये बसवला, म्हणजे त्यांच्या हयातीत. त्यानंतर वर्षभराने, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले. क्लार्क्सव्हिलमध्ये महामार्गावरून उतरलं की लागणारा दुकानांचा मोठा रस्ता विल्मा रुडॉल्फच्या नावाने आहे. तिथे राहणारे रोज तो पत्ता सांगतात.

पण एक पार्श्वभूमी लिहायला हवी. टेनेसी स्टेट हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. त्याआधी अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत क्लीव्ह ॲबट यांनी १९३० च्या दशकात काळ्या मुलींचा संघ उभा केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकणारी ॲलिस कोचमन त्याच टस्कीगीतून पुढे आलेली. ॲबट यांची मुलगी जेसी ॲबट हिने टेनेसी स्टेटला मुलींचा संघ सुरू केला. त्याच लंडनमध्ये २०० मीटरचं कांस्य घेणारी ऑड्री पॅटरसन टेनेसी स्टेटची, आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला. म्हणजे टेंपल यांच्या हातात पाया आयता होता, इमारत त्यांनी चढवली.

गोऱ्यांच्या कॉलेजांत तेव्हा मुलींनी धावणं शोभत नाही असा समज होता. टेनिस, पोहणं चालेल, घाम गाळत पळणं नको. त्यामुळे हे क्षेत्र रिकामं पडलं होतं आणि काळ्या कॉलेजांनी ते भरून काढलं.

आणखी एक. १९६० च्या फेब्रुवारीत नॅशव्हिलमध्ये काळे विद्यार्थी दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसू लागले, मार खाऊ लागले, तुरुंगात जाऊ लागले. त्यांत टेनेसी स्टेटचे विद्यार्थीही होते. मे महिन्यात शहरातले काउंटर सगळ्यांना खुले झाले. सप्टेंबरमध्ये विल्मा रोमला धावली. परत आल्यावर क्लार्क्सव्हिलने तिची मिरवणूक काढायचं ठरवलं, तेव्हा काळे-गोरे वेगळे बसणार असतील तर मी येणार नाही असं तिने कळवलं. त्या गावातला तो पहिला एकत्र सोहळा ठरला. २० वर्षांची मुलगी होती.

---

निळाई

धागा आवडला, माहिती उत्तम. पण थोडं वेगळं मत मांडते.

टेंपल यांचे नियम वाचले तर आजच्या मुलीला गुदमरल्यासारखं होईल. मुलांच्या गाडीत बसायचं नाही. शर्यत संपल्यावर केस नीट केल्याशिवाय, तोंड पुसल्याशिवाय फोटो काढू द्यायचा नाही. त्यांचं एक वाक्य सगळीकडे दिलं जातं की मला कोल्ह्या हव्यात, बैल नकोत. म्हणजे मुली वेगवान असाव्यात पण दिसायलाही 'बाईसारख्या' असाव्यात. मैदानावर जीव तोडून पळणाऱ्या मुलीला दिसण्याची काळजी कुणी का करायला लावावी? मूल असलेल्या मुलीला संघात घ्यायचं नाही असाही त्यांचा नियम होता.

शुभदाताई, तुम्हीही बघत असाल, आपल्याकडे अजून 'पोरगी पळते, पण चालचलन चांगलं आहे हो' अशी शिफारस करावी लागते. ही सवय आपण चांगली म्हणून मिरवू नये.

---

शुभदा_पीटी

निळाई, तुमचं म्हणणं मला पटतं आणि त्रासही देतं. मी मुलींना मैदानावर ट्रॅकपँट घालून या, शॉर्ट्स शर्यतीपुरत्याच, असं सांगते. मला शॉर्ट्सचं काही वाटत नाही. पण मैदानाच्या कडेला बसलेली टोळकी असतात, आणि त्यांच्यातल्या एकाने घरी जाऊन काही सांगितलं की मुलगी दुसऱ्या दिवसापासून येत नाही. मग मी काय करू? टोळक्यांशी भांडू की मुलगी मैदानावर टिकवू? मी मुलगी टिकवते. टेंपल यांनीही तेच केलं असावं असं मला वाटतं.

---

पायवाट

निळाई, हे लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर धागा नुसता आरतीचा झाला असता.

तुमचा मुद्दा खोडून काढायचा नाही, पण काळ लक्षात घ्यायला हवा. त्या वर्षांत वर्तमानपत्रं धावणाऱ्या बायकांना पुरुषी म्हणत, त्यात त्या काळ्या. एक घामाघूम फोटो छापून आला असता तर त्यावरून संपूर्ण संघाची टिंगल झाली असती. टेंपल ढाल धरत होते. ढाल जड होती आणि ती मुलींच्याच खांद्यावर होती, हे मात्र खरं. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंची गुणसूत्र तपासणी सुरू झाली. तिथून थेट आपल्या धावपटू द्युती चंदपर्यंत ही वाट येते. तिला २०१५ मध्ये क्रीडा लवादाकडून पुन्हा धावण्याची परवानगी मिळवावी लागली. बाई वेगाने पळाली की ती बाई आहे का, असं विचारणारं जग काल-परवापर्यंत होतंच.

मूल असलेल्या मुलींच्या नियमाचं मात्र पुढे काय झालं ते सांगायला हवं. विल्मा शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना गरोदर राहिली, १९५८ मध्ये तिला मुलगी झाली. नियमाप्रमाणे तिचा विषय तिथेच संपायला हवा होता. टेंपल यांनी नियम बाजूला ठेवला आणि तिला त्याच वर्षी कॉलेजात घेतलं. मूल तिच्या घरच्यांनी सांभाळलं. दोन वर्षांनी रोम. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. नियम करणारे कोच खूप असतात. कुठला नियम कधी मोडायचा हे ज्याला कळतं तो फार विरळा.

पण शिस्तीच्या बाबतीत तेच टेंपल कसे होते, तेही बघा. सरावाला जितकी मिनिटं उशीर तितक्या फेऱ्या, असा दंड होता. विल्मा एकदा झोपून राहिली, अर्धा तास उशिरा आली. ३० फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी येऊन बसली.

---

मैदानवेडा

उन्हाळी शिबिराचं स्वरूप सांगता का? मला त्यात रस आहे, कारण आमच्याकडे मे महिन्यात अशी शिबिरं होतात पण त्यांतून पुढे काही निघत नाही.

---

पायवाट

दक्षिणेतल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या शाळकरी मुलींना ते उन्हाळ्यात कॅम्पसवर बोलवत. महिनाभर दिवसातून तीनदा सराव, पहिला पहाटे. आणि मुद्दा इथे आहे: शाळकरी मुली कॉलेजच्या मुलींबरोबर राहत, पळत, जेवत. १५ वर्षांच्या पोरीच्या शेजारच्या लेनमध्ये ऑलिंपिकला जाऊन आलेली मे फॅग्ज उभी असे. मे फॅग्ज १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक धावली. टेंपल यांच्या संघात पहिली नावाजलेली खेळाडू तीच, आणि धाकट्या मुलींना घडवण्यात तिचा वाटा कोचइतकाच होता. शर्यतीचं ठिकाण, परदेशातलं जेवण, मोठ्या स्टेडियममधली भीती हे सगळं मोठ्या मुलींकडून धाकट्यांना आपोआप मिळायचं.

म्हणून विल्मानंतर टायस आली, तिच्याबरोबर एडिथ मॅक्ग्वायर आली. टोकियोला १०० मीटरमध्ये टायस पहिली, मॅक्ग्वायर दुसरी, आणि २०० मीटरमध्ये मॅक्ग्वायर पहिली. त्याच टोकियोत प्राथमिक फेरीत टायसने ११.२ सेकंदांची वेळ दिली, म्हणजे विल्माच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. १९६८ ला मॅडेलिन मॅनिंगने ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं. तोवर अमेरिकन महिला मध्यम अंतराला कच्च्या समजल्या जात.

तुमच्या शिबिरात ज्येष्ठ मुली असतात का? की वयोगट वेगळे करून प्रत्येकाला वेगळा वेळ? वेगळे असतील तर माझ्या मते तिथेच गळती आहे.

---

अण्णा_वसईकर

फार दिवसांनी मैदानाबद्दल असं वाचायला मिळालं. माझ्या वयाचा फायदा घेऊन थोडी आपल्याकडची आठवण जोडतो.

१९५२ च्या हेलसिंकीला भारताच्या चार मुली गेल्या: धावण्यात नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, पोहण्यात डॉली नाझीर आणि आरती साहा. मेरी डिसूझा आपल्या वांद्र्याच्या. १०० आणि २०० मीटर धावल्या. हॉकीही खेळत. हेलसिंकीला जायला पैसे पुरत नव्हते, तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांनी कार्यक्रम करून जमवले. २०१३ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, पळून साठ वर्षं झाल्यावर.

त्याच हेलसिंकीत मे फॅग्ज आणि १५ वर्षांची बार्बरा जोन्स अमेरिकेच्या रिले संघात होत्या, सुवर्ण घेऊन गेल्या. बार्बरा पुढे टेंपल यांच्याकडे आली आणि रोमला पुन्हा जिंकली. मेरीला परत आल्यावर कोण होतं? घर होतं, क्लब होता, मित्रमंडळी होती. पण पुढच्या चार वर्षांचा विचार करणारं एकही माणूस नव्हतं. वसई, वांद्रे, माहीम इथल्या किती ख्रिस्ती मुली त्या काळात छान पळायच्या. शाळेच्या खेळांत चमकायच्या आणि विशीत सगळं बंद. मला अजून वाईट वाटतं.

---

नॅशव्हिलवासी

अण्णा, सुंदर लिहिलंत.

आता एक कडू भाग. १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना डावलायचं नाही, असा. त्यामुळे खेळातही मुलींवर खर्च करणं भाग पडलं, शिष्यवृत्त्या आल्या. सगळ्यांनी स्वागत केलं आणि करायलाच हवं होतं.

पण याचा परिणाम टेनेसी स्टेटवर काय झाला? दक्षिणेतली जी मोठी गोरी विद्यापीठं पन्नासच्या दशकात काळ्या मुलींना प्रवेशसुद्धा देत नव्हती, त्यांच्याकडे आता पैसा, सिंथेटिक ट्रॅक, फिजिओ, विमानाची तिकिटं होती. गुणी मुली तिकडे जाऊ लागल्या, आणि का जाऊ नयेत? १९८२ पासून एनसीएए या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेने महिलांच्या मैदानी स्पर्धा सुरू केल्या. १९८७ ते १९९७ ओळीने अकरा वर्षं ते विजेतेपद लुइझियाना स्टेटने घेतलं. ज्या माणसाने पैसा नसताना ३४ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं उभी केली, त्याच्या हातातून पैसा आल्यावर खेळाडू गेले. विद्यापीठाने १९७८ मध्ये ट्रॅकला त्यांचं नाव दिलं, पण तोवर त्यांचा सुवर्णकाळ मागे पडला होता.

---

निळाई

हे मला माहीत नव्हतं. न्याय्य कायदा आला आणि ज्यांनी आधीपासून काम केलं त्यांनाच तो महाग पडला. आपल्याकडेही खेळाडूंना सरकारी नोकऱ्या, अकादम्या आल्या तेव्हा गावातल्या कोचचं हेच होतं ना? मुलगी घडवली एकाने, आणि राष्ट्रीय शिबिरात गेल्यावर कोच म्हणून नाव दुसऱ्याचं लागतं.

---

शुभदा_पीटी

होतं. अगदी असंच होतं. माझी एक मुलगी अकादमीत गेली. मला आनंदच झाला, कारण तिथे तिला आहार मिळतो, सिंथेटिक ट्रॅक मिळतो, माझ्या मैदानावर पावसात गुडघाभर चिखल असतो. पण तिच्या अर्जात प्रशिक्षकाच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. तिने फोन करून सांगितलं, 'मॅडम, त्यांनी भरून दिला.' पोरगी रडत होती. मी तिला म्हटलं, तू पळ.

पण तिला मी एक अट घातली आहे: बीएची राहिलेली दोन पेपरं द्यायची. ऑक्टोबरला बसते आहे. टेंपल यांचं वाचून ती अट बरोबर होती याची खात्री पटली.

---

मैदानवेडा

टेंपल यांच्यानंतर कोण आलं?

---

पायवाट

त्यांचीच विद्यार्थिनी, चँड्रा चीझबरो. १९८४ च्या लॉस एंजेलिसला तिने ४ × १०० आणि ४ × ४०० या दोन्ही रिलेत सुवर्ण घेतलं, तेही तासाभराच्या आत, आणि ४०० मीटरमध्ये रौप्य. दोन्ही रिलेंचं सुवर्ण एकाच ऑलिंपिकमध्ये घेणारी ती पहिली महिला.

त्या ४ × ४०० च्या अंतिम शर्यतीत भारताचा संघही होता. पी. टी. उषा, शायनी अब्राहम, एम. डी. वल्सम्मा आणि वंदना राव. सातव्या आल्या. उषाचं शतांश सेकंदाने हुकलेलं ४०० मीटर हर्डल्सचं कांस्य सगळ्यांच्या लक्षात आहे, त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या चौघी रिलेच्या अंतिम फेरीत उतरल्या हे फार कुणी बोलत नाही. चीझबरोने १९९४ मध्ये टेंपल यांच्याकडून टेनेसी स्टेटची सूत्रं घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विल्मा कर्करोगाने गेली, ५४ वर्षांची होती.

विल्मानेही पदवी घेतली होती, १९६३ मध्ये. मग आपल्याच गावच्या प्राथमिक शाळेत शिकवलं आणि जुन्या शाळेच्या ट्रॅक संघाची कोच झाली.

---

अण्णा_वसईकर

शुभदाताई, ऑक्टोबरच्या पेपरचा निकाल लागला की इथे जरूर कळवा. आणि एक विनंती: तुमच्या मैदानाला चुना, फावडी, बॅटन, जे काही लागत असेल त्याची यादी टाका. वसईत आमचा जुन्या खेळाडूंचा गट आहे, बॅटनचे दोन संच आणि हर्डल्स पाठवता येतील. पावसाळ्याच्या आत पाठवतो.

---

शुभदा_पीटी

अण्णा, यादी उद्या टाकते. सगळ्यात आधी चुना आणि आखणीची दोरी. हर्डल्स चालतील, आमच्याकडे सध्या बांबूचे आहेत. बॅटन नक्की पाठवा, चार मुली तयार आहेत.